दिसलं का?

दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला मागून ‘दिसलं का?’ असं विचारलं, की तो ‘दिसलं’ म्हणतो. मागे रांग असते, थंडी असते, दुर्बीणवाला आशेने तोंडाकडे बघत असतो. ‘नाही’ म्हणायला वेगळ्या छातीचा माणूस लागतो. एकदा एका सोसायटीच्या गच्चीवर मी दुर्बिणीचं पुढचं झाकण काढायलाच विसरलो होतो. तरी अकरा जणांनी चंद्र पाहिला. दोघांना खड्डे दिसले, एका काकूंना ससासुद्धा दिसला. बारावं पोरगं ‘काका, काळं आहे’ म्हणालं, तर त्याच्या आईने ‘नीट बघ!’ म्हणून त्यालाच टपली मारली.

हे सगळं ठाऊक असून मी साडूबरोबर दुर्बिणींचा सामना लावला आणि निकाल लोकांवर सोपवला.

भावाभावांत शेतावरून लागतं, जावाजावांत ओट्यावरून. साडूंमध्ये वाटून घ्यायला काहीच नसतं, म्हणून ते तुलना करतात. गाडीचं अ‍ॅव्हरेज, पोरांचे टक्के, दाताच्या रूट कॅनालला आलेला खर्च, काहीही चालतं. सामन्याचं मैदान सासुरवाडी आणि पंच सासूबाई. आमच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. त्यांचं घर भोरजवळच्या एका गावात आहे आणि घरामागे चांगलं ऐसपैस परस आहे: एक विहीर, एक फणस, एक रिकामा गोठा आणि बाकी सगळं आकाश.

माझी दुर्बीण आठ इंची. म्हणजे तिच्या तळाशी आठ इंच व्यासाचा आरसा आहे आणि तो मी स्वतः घासलेला आहे. पुण्यात एका कार्यशाळेत जाऊन काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, लोखंडी पिंपाभोवती फिरत फिरत घासायच्या. वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगीर. पिंपाभोवती मी इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की तेवढ्या वडाला घातल्या असत्या तर पुढच्या चौदा जन्मांची सोय झाली असती. आरशाला पीव्हीसीचा जाडजूड पाइप आणि प्लायवुडची बैठक आहे. माई तिला ‘बंब’ म्हणतात. पहिल्यांदा आणली तेव्हा त्यांनी खाली वाकून ढलप्या कुठून घालायच्या ते शोधलं होतं.

या बैठकीला जगभर ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात साधू होते. रामकृष्ण परंपरेतला मठ. तिथे राहून ते भंगारातल्या काचा घासायचे आणि दुर्बिणी करून आसपासच्या लोकांना आकाश दाखवायचे. या नादापायी मठाबाहेरचे त्यांचे मुक्काम वाढत गेले आणि १९६७ साली मठाने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. मग ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले. माझ्या दुर्बिणीत मोटर नाही, बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही. ती हाताने ढकलायची. संन्याशाची दुर्बीण आहे ती.

साडूची दुर्बीण संसारी. चार इंच व्यासाची भिंगाची दुर्बीण, पांढरीशुभ्र, तीन पायांवर उभी, खाली मोटर आणि हातात रिमोट. ‘शनी’ असं बटण दाबलं की आपोआप शनीकडे वळते. न्यू जर्सीहून कायमच्या परत आलेल्या कुणाकडून त्याने ती वापरलेली घेतली होती, पण सांगताना ‘इम्पोर्टेड’ म्हणत होता. मी तिला मनातल्या मनात पिचकारी म्हणत होतो.

“चार इंच आणि आठ इंच,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “व्यास दुप्पट, म्हणजे प्रकाश चौपट.”

“पण भिंगाचा शार्पनेस वेगळाच असतो, दादा,” साडू म्हणाला. “आरसा म्हणजे शेवटी आरसाच.”

दिवस ठरला १७ जानेवारी २०२६. दुसऱ्या दिवशी पौष अमावास्या, त्यामुळे चंद्राची अडचण नव्हती. अडचण होती ती ग्रामपंचायतीच्या दिव्याची. परसाला लागूनच खांब, त्यावर पांढरा एलईडी, आणि तो बंद करायचं बटण कुणाच्याच हातात नाही. शेवटी आमच्या मेहुण्याने आंबे उतरवायची झेल आणली आणि तिच्या टोकाला लावून दिव्यावर गोणपाट चढवलं. अंधार झाला. उत्तरेला पुण्याचा उजेड तेवढा चुलीतल्या राखेसारखा धुमसत होता. त्याच्यापुरतं गोणपाट भोर तालुक्यात मिळालं नसतं.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून मी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला आणि सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगितले. सगळ्यांनी ठेवले. दोन मिनिटांनी शेजारचे तात्या आले ते मोबाइलचा फ्लॅश लावूनच. “अंधार केवढा केलाय!” म्हणत त्यांनी तो प्रत्येकाच्या तोंडावर मारून कोण कोण आहे ते पाहून घेतलं. वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

सात वाजता साडूने ‘शनी’ बटण दाबलं. दुर्बीण हलली नाही. रिमोटवर अक्षरं आली: शनी क्षितिजाखाली आहे. शनी तर समोर अर्ध्या आकाशावर ढळढळीत, न लुकलुकता स्थिर उभा होता. त्यातून शनिवार. साडूने पुन्हा दाबलं. शनी पुन्हा क्षितिजाखाली. अर्ध्या तासाने उलगडा झाला: रिमोटमधलं वेळेचं गणित भारताचं होतं, पण ठिकाण अजून न्यू जर्सीच होतं. तिथे सकाळचे साडेआठ वाजले होते आणि शनी खरोखरच क्षितिजाखाली होता. दुर्बीण बिचारी खरं बोलत होती. तिला सासुरवाडीला आणलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तोवर मी बंबाला दोन धक्के देऊन शनी पकडला होता. पहिला डोळा माईंचा. हा मान आहे. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा अजून व्हायचा होता. साडूच्या मते या सामन्यातली सगळ्यात महागडी काच माईंच्याच डोळ्यात होती.

“दिसलं का कडं?” मी विचारलं.

“कडं नाही,” माई म्हणाल्या. “गोळी आहे. मधून सुई गेल्यासारखी.”

“ऑपरेशनला दोनच महिने झालेत ना,” साडू समजुतीने म्हणाला. मग मेहुणा, मेहुण्याची बायको, पोरंटोरं सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांना कडं दिसलं. ‘फोटोत असतं ना, डिट्टो तसंच!’ तात्यांची रास मेष, साडेसाती नुकती लागलेली. त्यांनी आधी लांबूनच नमस्कार केला, मग एक डोळा लावून “मोठं आहे कडं” असं काळजीच्या सुरात सांगितलं.

मी शेवटी स्वतः पाहिलं. गोळी होती. मधून सुई गेल्यासारखी.

आणि तसंच दिसायला हवं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. शनीचं कडं पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरलेलं आहे, पण त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एखाद्या बऱ्या इमारतीच्या उंचीइतकीसुद्धा भरत नाही. दर पंधराएक वर्षांनी ते आपल्या नजरेच्या रेषेत बरोबर आडवं येतं आणि दिसेनासं होतं. मार्च २०२५मध्ये तसं झालं होतं आणि अजून ते सुईएवढंच उघडलं होतं. गॅलिलिओलाही याने चकवलं होतं. १६१० साली त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले. १६१२ साली पाहतो तर दोन्ही गायब. त्याने सरळ लिहून टाकलं की दिसत नाहीत. त्याच्या मागे रांग नव्हती, हे त्याचं भाग्य.

न्यू जर्सीचा प्रश्न सुटल्यावर साडूची दुर्बीण सुसाट निघाली. बटण दाबलं की कॉफीच्या मिक्सरसारखा आवाज करत वळायची आणि थांबली की पाहिजे ते नेमकं मध्ये. कृत्तिकांवर त्याने मला चितपट केलं, हे मान्य करतो. माझ्या बंबातून कृत्तिका म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं: दोन दिसतात, दोन जातात. त्याच्या पिचकारीत सगळा पुंजका एका ताटात वाढल्यासारखा दिसत होता. “वा!” असं माझ्या बायकोच्या तोंडून निघालं. वीस वर्षांत माझ्या दुर्बिणीला तिने दिलेली सर्वोच्च दाद ‘आता आत ये, सर्दी होईल’ ही आहे.

मी मृगाचा तेजोमेघ लावला. इथे प्रकाश चौपट पाहिजे, इथे बंबाला तोड नाही. मधोमध चार बारीक चांदण्या आणि त्यांच्याभोवती पंख पसरल्यासारखं धूसर वलय. तेराशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड.

“रंग कुठंय?” मेहुण्याचा मुलगा म्हणाला. “मोबाइलवर गुलाबी असतो.”

इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं उजेड साठवतो, हे मी त्याला समजावलं. त्याने मला मोबाइलवर गुलाबी फोटो काढून दाखवला. माझे वीस मिनिटांचे डोळे पुन्हा गेले.

मग मी त्यांना युक्ती सांगितली. अंधूक वस्तू थेट बघायची नसते. नजर जरा बाजूला ठेवायची, मग ती कडेने उजळते. डोळ्याचा मंद उजेड टिपणारा भाग मध्यावर नसतो, कडेला असतो. ही विद्या मला याच घराने शिकवली. सत्तावीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर मी पोह्यांच्या बशीकडे एकटक बघत होतो आणि समोर बसलेली मुलगी मला अगदी स्पष्ट दिसत होती. त्या वेळी थेट बघितलं असतं तर शेंगदाणे तेवढे आठवले असते.

मध्यरात्रीच्या सुमाराला गुरू माथ्यावर आला आणि दोन्ही दुर्बिणींचे स्वभाव उघडे पडले. भिंगाची दुर्बीण सरळ वर केली की डोळा लावायची जागा खाली जमिनीजवळ जाते. तात्यांना घोंगडीवर आडवं करून, मानेखाली पाट देऊन गुरुदर्शन घडवावं लागलं. साष्टांगच म्हणायचा. माझ्या दुर्बिणीत डोळा नळीच्या वरच्या टोकाला, बाजूने लावायचा असतो. त्यामुळे कमरेत वाकून नमस्कार पुरतो, पण पृथ्वी फिरत असल्याने एकशेवीस पटीला गुरू दोन मिनिटांच्या आत चौकटीतून निघून जातो. माणूस पदर सावरून, चप्पल काढून, “इथे का?” विचारून डोळा लावेपर्यंत गुरू गेलेला असतो. मग मी पुन्हा पकडून द्यायचा. त्यात माझ्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं आणि साडूच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदललेलं. “थोडा उजवीकडे” या दोन शब्दांवर परसात चार मतं पडायची.

“चार चंद्र दिसतायत,” मी सांगत होतो. “आणि तो तांबडा डाग. मोठं वादळ आहे ते. पृथ्वीपेक्षा मोठं.”

“दिसला, दिसला,” सगळे म्हणाले.

“डाग नाही,” माई म्हणाल्या. “पट्टे आहेत दोन.” मग त्यांनी डोळा बदलला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुन्हा बदलला. “उजव्या डोळ्याने पांढरा आहे. डाव्याने पिवळट, तुपात बुडवून काढल्यासारखा.”

साडू आणि मी गप्प झालो. गेला तासभर आमचा याच मुद्द्यावर वाद चालला होता. माझ्या आरशात गुरू पिवळा दिसतो की त्याच्या भिंगात निळा? दोन्ही बाजूंनी साक्षीदार होते. आणि माईंनी एकाच दुर्बिणीत दोन्ही गुरू पाहिले होते. मोतीबिंदूने डोळ्याचं भिंग पिवळं पडतं. नवं भिंग बसवलं की पांढरा पुन्हा पांढरा होतो. रात्रभर ज्या साक्षी आम्ही दुर्बिणींच्या म्हणून गोळा करत होतो, त्यांतल्या निम्म्या साक्षीदारांच्या वयाच्या होत्या.

डागाचं मी नंतर मोबाइलवर पाहिलं. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी मारतो. डाग तेव्हा पलीकडच्या बाजूला होता. एक कबुली देऊन टाकतो: तांबडा डाग मी आजवर शेकडो लोकांना दाखवलाय. मला स्वतःला तो नक्की किती वेळा दिसला, हे मला विचारू नये.

दीडच्या पुढे दव पडायला लागलं. साडूच्या दुर्बिणीपुढे एव्हाना मुलांची रांग होती. व्याध सगळ्यात तेजस्वी तारा, त्यामुळे सगळे खूश. ‘मस्त!’ ‘भारी!’ ‘केवढा मोठा!’ सहा जण होऊन गेल्यावर माई खुर्चीवरून उठल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, “धुकं आहे आत.” मी टॉर्च मारला. पुढचं भिंग पावसाळ्यातल्या एसटीच्या काचेसारखं झालं होतं. मोठा दिसणारा व्याध म्हणजे त्या ओल्या काचेवर पसरलेला उजेडाचा डाग. मग हेअर ड्रायर, ओसरीवरून वायर, आणि अडीच लाखांच्या दुर्बिणीला बाळाच्या टाळूसारखं शेकत बसलेला साडू. माझा आरसा नळीच्या तळाशी खोल असल्याने कोरडा होता. मी काही बोललो नाही. नुसता त्याच्या शेजारी उभा राहिलो, तेवढं पुरलं.

अडीचपर्यंत गर्दी पांगली. तात्या घोंगडीवरच घोरत होते. ईशान्येला सप्तर्षी वर चढले होते आणि माईंना झोप येत नव्हती.

“वसिष्ठ दाखवा,” त्या म्हणाल्या. “शेजारची अरुंधती बघायची आहे.”

“ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, माई.”

“दिसत असेल. मी पाहिलेली नाही.” आणि मग त्यांनी सांगितलं. लग्न १९६८ सालच्या मेमधलं. भटजींनी रात्री मांडवाबाहेर आणून वर बोट केलं. वळिवाचं आभाळ गच्च भरलेलं. एक चांदणी दिसेल तर शपथ. भटजी म्हणाले, अरुंधती दिसली का? आधी नवरदेव, म्हणजे अण्णा, म्हणाले, दिसली. मग या म्हणाल्या, दिसली. “लग्नानंतरचं पहिलं खोटं आम्ही दोघांनी मिळून बोललो. मागे एवढी माणसं उभी, काय करणार? आत आल्यावर अण्णा म्हणाले, मला तर ढग दिसला. मी म्हटलं, मलाही. मग ठरवलं, एकदा झालं तेवढं बास.”

मी वसिष्ठ पकडून दिला. साडूनेही त्याच्या शेकलेल्या दुर्बिणीत लावला. माईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे आल्या. माझ्या दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्यांना चार काटे दिसतात. आतला छोटा आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे येतात, म्हणजे दोषच. पण माईंना ते आवडले होते. चांदणी अशीच असते म्हणे, आकाशकंदिलावर असते तशी. साडूचा चेहरा पडला.

“ती लांबची अरुंधती ना?”

“हो.”

“मग ही कोण? वसिष्ठांना अगदी चिकटून?”

मी घसा साफ केला. १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा वसिष्ठ एक नसून दोन आहेत हे कळलं. अरुंधती बरीच दूर आहे. हा दुसरा तारा मात्र वसिष्ठाच्या अगदी अंगाला लागून आहे. हे सगळं मी सासूबाईंना, पहाटे पावणेतीनला, जमेल तेवढ्या अदबीने सांगितलं.

माई बराच वेळ बघत राहिल्या. दोन्ही डोळ्यांनी, आळीपाळीने. मग शाल आवळून बाजूला झाल्या.

“एवढे मंत्र म्हणतात लग्नात,” त्या म्हणाल्या, “हिचं नाव कुणी घेत नाही. बघा बरं, तुम्हालाही दिसतेय का, की माझ्याच डोळ्यात काही आहे.”

मी वाकून डोळा लावला. आत काळंभोर होतं. माईंचं बघणं होईपर्यंत पृथ्वी आपली पुढे गेली होती आणि वसिष्ठ, अरुंधती, ती तिसरी, सगळी चौकटीबाहेर निघून गेली होती. मागे माई उभ्या होत्या. त्यांच्यामागे साडू.

“दिसली का?”

“दिसली,” मी म्हणालो.

साडू पुढे आला. माझ्या दुर्बिणीला त्याने डोळा लावला, श्वास रोखून चांगला अर्धा मिनिट पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

“दिसली,” तो म्हणाला. “पण माझ्यात जरा जास्त शार्प होती, दादा.”